बडोद्यात ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ दाखवायचाय: आधी काय सांगावं, सबटायटल कसे करावेत?

पडदा_बडोदा
आमच्या चित्रपट मंडळाच्या पुढच्या खेळाला दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा १९६४ चा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ हा अणुयुद्धावरचा उपहासपट ठरलाय. हक्कधारकांची परवानगी आली आहे. दांडिया बाजारातला लहान हॉल, १० फूट रुंदीचा पडदा, प्रोजेक्टर आणि लॅपटॉप. प्रेक्षकांत निम्मे ज्येष्ठ, निम्मे कॉलेजातले. अमेरिकी उच्चार सगळ्यांना झेपणार नाहीत म्हणून मराठी सबटायटल करतोय. सुरुवातीच्या दहा मिनिटांत काय सांगावं, काय राखून ठेवावं? सबटायटलमध्ये घोळ कुठे होतात? आणि मध्यंतर ठेवावं का?

कृष्णधवल
कुब्रिकचं चरित्र आणि शीतयुद्धाचा इतिहास गाळा. दहाही मिनिटं यंत्रणेला द्या. यातला जवळजवळ प्रत्येक माणूस नियमाला धरून वागतो आणि त्यातूनच सर्वनाश जवळ येतो. नियम कळला नाही तर पडद्यावर नुसती आरडाओरड दिसते.

एवढं सांगा: अण्वस्त्रं घेतलेली अमेरिकेची बी-५२ बॉम्बफेकी विमानं रशियापासून दोन तासांच्या अंतरावर कायम घिरट्या घालताहेत. हल्ल्याचा हुकूम फक्त राष्ट्राध्यक्षांनी द्यायचा. पण शत्रूने आधीच वार करून वरचे सगळे मारले तर? त्यासाठी ‘प्लॅन आर’ आहे, त्यात खालचा सेनापतीही हुकूम सोडू शकतो. हवाई तळाचा प्रमुख जनरल रिपर हीच पळवाट वापरतो. हुकूम सुटला की विमानातलं सीआरएम-११४ हे यंत्र रेडिओ बंद करतं. तीन अक्षरांचा संकेत आधी लावलेला असेल तरच संदेश आत येतो. संकेत एकट्या रिपरला ठाऊक. एक एक करून सगळे लावून का बघत नाहीत, हे कुणीतरी विचारणारच. २६ अक्षरांच्या १७,५७६ जुळण्या होतात. सिनेमातला जनरल सतरा हजार म्हणतो आणि त्या सगळ्या पाठवायला अडीच दिवस लागतील असं सांगतो. विमानं मात्र मुळातच दोन तासांवर होती, तेवढा वेळ कुठला?

रशियाचं ‘डूम्सडे मशीन’, म्हणजे अणुहल्ला होताच आपोआप सगळ्या जगाचा नाश करणारं यंत्र, मात्र राखून ठेवा, तो उलगडा वॉर रूममध्येच, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि सेनापती बसतात त्या दालनातच व्हायला हवा. ही कल्पना हर्मन काह्न या अमेरिकी विश्लेषकाने १९६० मध्येच गंभीरपणे मांडली होती, ते खेळानंतरच्या चर्चेत सांगा.

एक गोष्ट गुजरातेत खास लक्षात ठेवा. पाण्यात फ्लोराइड घालणं हा कम्युनिस्टांचा कट आहे, असा रिपरचा ठाम समज आहे. आपल्याकडे उलट परिस्थिती: उत्तर गुजरातच्या भूजलात मुळातच फ्लोराइड जास्त, त्याने दात पिवळे पडतात, हाडं आखडतात. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५. त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला रिपर शहाणा वाटू शकतो आणि त्याचं सगळं पात्रच निसटतं. अमेरिकेत १९४५ पासून दात किडू नयेत म्हणून मोजून, लिटरला साधारण १ मिलिग्रॅम फ्लोराइड घालत आणि कडवे कम्युनिस्टविरोधी त्यावर खरोखरच असा आरोप करत, हे दोन वाक्यांत सांगाच.

नट पीटर सेलर्सच्या यात तीन भूमिका आहेत हेही सांगून टाका.

सबटायटलवाली
तीन भूमिकांचं सांगू नका हो! ज्यांना ओळखू येईल त्यांचा आनंद कशाला घालवायचा?

आता सबटायटल. आधी हातातली प्रत सेकंदाला किती फ्रेमची (चित्रांची) आहे ते बघा. २४ फ्रेमची प्रत साधारण ९४ मिनिटं चालते, २५ ची ९० च्या आसपास. २४ वर बांधलेली फाइल २५ च्या प्रतीला लावली तर सुरुवात जुळते आणि शेवटाला मजकूर पावणेचार मिनिटं मागे पडतो. पुढेमागे सरकवून हे सुटत नाही. सगळ्या वेळा ०.९६ ने गुणाव्या लागतात. मूळ २३.९७६ असेल तर ०.९५९ ने.

फाइल यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीतच जतन करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर कचरा होऊन उतरतो. दोन ओळी, प्रत्येकी जास्तीत जास्त ३८-४० अक्षरं. खालची जागा थोडी वाढवा, नाहीतर उकार कापले जातात. अक्षरांना जाड काळी कड हवीच: विमानाच्या दृश्यांत खाली बर्फाळ प्रदेश सरकत असतो, त्यावर पांढरा मजकूर साफ हरवतो.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा रशियन पंतप्रधानांना फोन. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. सगळी गंमत राष्ट्राध्यक्ष थांबून ऐकतात त्या क्षणांत आहे. पूर्ण वाक्य आधीच पडद्यावर आलं की प्रेक्षक सेलर्सच्या आधी हसून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक थांब्याला ओळ तोडा, अर्धं वाक्य झालं तरी चालेल, आणि थांब्यात पडदा रिकामा ठेवा.

विमानात आणीबाणीची पिशवी तपासतात तिथे ओठ ‘डॅलस’ म्हणतात आणि ऐकू ‘व्हेगस’ येतं. केनेडींची हत्या डॅलसला झाल्यावर तो शब्द बदलला. तुम्ही ‘व्हेगस’च लिहा.

कृष्णधवल
मध्यंतर नको. विमान, हवाई तळ आणि वॉर रूम या तीन जागांत घड्याळ सतत पुढे पळत असतं. कुठेही तोडलं तरी ताण विरतो.

चित्र १.६६ प्रमाणाचं आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या १.६६ पट. १६:९ मध्ये दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. तुमच्या पडद्यावर प्रत्येकी चारेक इंच. त्या घालवायला ‘झूम’ दाबू नका, वरचा आणि खालचा भाग छाटला जातो. नेपथ्यकार केन अ‍ॅडमने वॉर रूम उभी केली तीच वरून लोंबणारं दिव्यांचं कडं आणि खालचं गोल टेबल यांच्या तोलावर. प्रोजेक्टर ‘सिनेमा’ मोडवर ठेवा. ‘डायनॅमिक’वर काळं राखाडी होतं आणि टेबलामागचा अंधारच नाहीसा होतो. हॉलच्या झरोक्यांना काळा कपडा लावा. मे महिना असेल तर साडेसातच्या आधी सुरू करू नका.

पडदा_बडोदा
आमच्या प्रतीत ५.१ (सहा चॅनेलचा) आणि मोनो (एकाच चॅनेलचा) असे आवाजाचे दोन ट्रॅक आहेत. हॉलमध्ये स्टेजच्या दोन टोकांना दोनच स्पीकर. कुठला लावू?

सबटायटलवाली
मोनो. सिनेमा मुळात मोनोच होता. ५.१ मध्ये संवाद मधल्या चॅनेलवर असतात. लॅपटॉपने ते दोन स्पीकरांत नीट मिसळले नाहीत तर संगीत दणकतं आणि बोलणं पुटपुटल्यासारखं येतं. दोन्ही स्पीकर जमतील तेवढे पडद्याजवळ ओढा आणि आवाजाची पातळी रिपरच्या खोलीतल्या संथ बोलण्यावर लावा, गोळीबारावर नको.