बागेसाठी ४० लाख मंजूर झालेत, मागायचं काय?

फाटकासमोर

नमस्कार मंडळी. माझं झेरॉक्सचं दुकान आमच्या प्रभागातल्या बागेच्या बरोबर फाटकासमोर आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आमच्याकडचे लोक इथंही वाचतात आणि मला अजून तिथंच धंदा करायचाय. बाग ३६ गुंठ्यांची. नूतनीकरणाला ४० लाख मंजूर झालेत. सूचना मागवायला बैठक झाली, तिला मलाही बोलावलं, कारण अर्जाच्या झेरॉक्स माझ्याकडूनच काढल्या होत्या.

पाऊण तासात यादी तयार. ओपन जिम, रंगीत कारंजं, दिव्यांच्या अक्षरात गावाचं नाव, त्याच्यापुढे सेल्फी पॉइंट. अहो, ओपन जिम आहे की! सहा वर्षांपूर्वी बसवलेलं. आठ यंत्रांपैकी तीन धड चालतात आणि चौथ्याचा आवाज माझ्या काउंटरपर्यंत येतो, कुंईऽऽ टक, कुंईऽऽ टक. एक आजोबा रोज सकाळी नेमके त्याच्यावरच चढतात, बाकीची मोकळी असली तरी. घसरगुंडी पत्र्याची, तोंड पश्चिमेला. एप्रिलमध्ये दुपारी चारला पोरं आधी बाटलीतलं पाणी तिच्यावर ओततात, चुर्र होतंय का बघतात, मग बसतात.

पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे. नुसतं 'हे नको' म्हटलं तर 'मग काय हवं ते सांगा' म्हणणार. काय सांगू?

जुना माळी

ताई, उद्यान खात्यात ३१ वर्षं काढलीत, तेव्हा जरा लांबण लागेल.

आधी विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण कशाचं आहे ते बघा. 'उद्यान' वेगळं, 'क्रीडांगण' वेगळं. क्रीडांगण निघालं तर कारंजं कशाच्या आधारावर करताय, एवढंच बैठकीत विचारा आणि गप्प बसा.

घसरगुंडी भंगारात देऊ नका, तोंड उत्तरेला फिरवा. पश्चिमेच्या बाजूला करंज लावा. त्याला उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी फुटते, मे महिन्यात सावली गर्द असते. गुलमोहर नको, वळवाच्या वाऱ्यात फांद्या येतात खाली. ठेकेदार घसरगुंडीखाली रबरी फरशी सुचवेल. ती उन्हात चटके देते. वाळू घाला, पण ३० सेंटिमीटर खोल. आणि पोरं जिथं पडतात तिथलीच वाळू बाजूला सरकते, दर आठवड्याला कुणीतरी फावड्यानं ओढून आणावी लागते. रात्री वर जाळी टाकावी लागते, नाहीतर मांजरं तिला आपली समजतात. हे करणार कोण, ते आधी ठरवा. निविदेत तीन वर्षांची देखभाल लिहून घ्या, आणि देखभाल म्हणजे काय काय तेही लिहा: बेअरिंग, ग्रीस, वाळू, दिवे. नुसता 'देखभाल' शब्द घातला तर वर्षातून एकदा रंगाचा हात मारून बिल येतं. तुमचं ते कुंई-टक म्हणजे बेअरिंग गेलंय. यंत्र बदलायची गरज नाही.

चालायच्या वाटेवर पेव्हर ब्लॉक घालू देऊ नका. मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवायचा. गुडघ्यांना तेच बरं. कडेला चर मात्र काढा, नाहीतर श्रावणात घसरगुंडी तिथंच होईल.

चिंतूनाना

बाकाला पाठ पाहिजे आणि दोन्ही बाजूंना हात पाहिजेत. हात नसले की बसता येतं, उठता येत नाही. दुसरं, मुतारी उघडी पाहिजे. आमच्याकडे कुलूप, किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला. बाकी कारंजं करा नाहीतर हत्ती बांधा.

डॅन्यूबकाठची

मी व्हिएन्नात राहते. इथं नव्वदच्या दशकात पालिकेच्या लक्षात आलं की साधारण दहाव्या वर्षानंतर मुली बागेत यायच्या बंद होतात, मुलगे मात्र येत राहतात. मग १९९९ मध्ये मार्गारेटेन भागातल्या दोन बागा, आइनसीडलर पार्क आणि सेंट योहान पार्क, त्यांनी नव्यानं आखल्या. एकच मोठं मैदान होतं तिथं भाग पाडले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, वाटांवर उजेड वाढवला. मुली परत दिसायला लागल्या. वाचायला सोपं वाटतं, पण आधी कुणीतरी मोजलं होतं. ताई, तुम्ही दिवसभर फाटकासमोर असता. तुमच्याकडच्या बारा-तेरा वर्षांच्या मुली आत कुठं असतात?

कबड्डीवाला

मापं घेऊन बोला, म्हणजे 'जागा नाही' हे उत्तर मिळत नाही. महिलांचं कबड्डीचं मैदान १२ × ८ मीटर, बॅडमिंटन कोर्ट १३.४० × ६.१० मीटर. दोन्हींच्या भोवती पळायला मोकळी जागा सोडली तरी चार गुंठ्यांत काम होतं. कबड्डीला माती राहू द्या. 'स्वच्छ दिसावं' म्हणून कुणीतरी काँक्रीट सुचवतोच. त्याला एकदा त्यावर पकडीत पडून दाखव म्हणावं.

फाटकासमोर

सगळ्यांचे आभार. आरक्षण बघून आले, 'उद्यान' आहे. म्हणजे कारंज्याशी भांडणं आलंच. चिंतूनानांचे बाकाचे हात लिहिलेत, मुतारीही.

आणि मोजलं. शनिवार-रविवार, चार ते साडेसात, उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून. अंदाजे दहा ते पंधरा वयाचे मुलगे ६३. मुली ७, त्यातल्या ४ धाकट्या भावंडाला खेळवायला आलेल्या. म्हणजे स्वतःसाठी आलेल्या तीन. बारा वर्षं मी त्या फाटकाकडे तोंड करून बसलेय आणि हे मला दिसलं नव्हतं.

रविवारी दोघी प्रोजेक्टच्या रंगीत प्रिंट काढायला दुकानात आल्या, आठवीतल्या असतील. विचारलं, समोर बाग असून जात का नाही गं? एक म्हणाली, "काकू, बसलं की बॉल लागतो. आणि ते सॉरीपण म्हणत नाहीत." दुसरी म्हणाली, मागच्या बाजूचा दिवा दिवाळीपासून बंद आहे. मग काय हवं तुम्हाला? मला वाटलं बॅडमिंटन म्हणतील. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि हसल्या. "झोका. पण मोठा. आहे तो बारक्यांचा, वॉचमन उठवतो." खरंच तिथं पाटी आहे, '१२ वर्षांवरील मुलांनी बसू नये'. ती पाटी माझ्याच दुकानातून लॅमिनेट करून नेली होती.

तर अर्जात लिहिलंय: मोठ्यांचे दोन झोके, फाटकाच्या बाजूला, दिव्याखाली. माळीकाका, याला जागा किती लागेल?

जुना माळी

ज्या आडव्या दांड्याला झोका टांगणार त्याच्या उंचीच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे मोकळी ठेवा. मधून वाट जाऊ देऊ नका, बाक तर नकोच. बसायला रबरी पट्टा, लाकडी फळी डोक्याला लागली तर खोक पडते. कड्यांना महिन्याला ग्रीस. हेही निविदेत घाला.

आणि दोन लिहू नका, चार लिहा. म्हणजे दोन मिळतील.