मदत हवी आहे: ३१ डिसेंबरची कालवा-फेरी, जमैकाच्या रेगे संगीतातलं गाणं आणि सपाट येणारं पाणी

मंडळी, नमस्कार.

दर ३१ डिसेंबरला पहाटे मी आणि माझा मावसभाऊ पुण्यात मुठा उजव्या कालव्याच्या काठाने फोटो काढत फिरतो. (डाव्याचं विचारू नका, त्याचा कर्वेनगरात कॅनॉल रोड झालाय.) पर्वतीच्या पायथ्याला सुरुवात, एम्प्रेस गार्डनपाशी चहा, पाय चालले तर हडपसर. मग रात्री बाराच्या आत पंचवीसेक फोटो निवडून एका गाण्यावर बसवायचे आणि घरच्यांना टीव्हीवर दाखवायचे. यंदा सहावं वर्ष. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ कालवा फुटला, तेव्हापासून आई निघताना "काठाला चिकटू नका" एवढं बजावतेच.

यंदाचं गाणं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'. बोनी एमचं १९७८ चं नव्हे, जमैकातल्या मेलोडियन्स या गायकगटाचं १९७० चं मूळ. आई म्हणाली, "अगंबाई, यावर आम्ही गॅदरिंगला नाचलोय!" तिला सांगितलं की ते बायबलच्या १३७ व्या स्तोत्रावरून घेतलंय, देशोधडीला लागलेली माणसं नदीकाठी बसून रडतायत. तर म्हणे, "मग चाल एवढी नाचरी कशाला?" यावर मी गप्प.

कालव्याला हे गाणं का, तर त्या 'नद्यां'मध्ये बॅबिलॉनच्या युफ्रेटिस नदीतून काढलेले कालवेही धरतात. म्हणजे ती माणसं पाटाच्या काठीही बसली असतील. हे वाचल्यापासून दुसरं गाणं सुचतच नाही.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगतो. गेल्या वर्षी एम्प्रेस गार्डनजवळ सूर्य उगवायच्या आत ट्रायपॉड लावला. भिंगाचं छिद्र बारीक (एफ १६), संवेदनशीलता कमी (आयएसओ १००), शटर दोन सेकंद उघडं. पाणी आलं ते फरशी पुसून ठेवल्यासारखं, वाहतंय असं वाटेचना. दुसरं म्हणजे, गेल्या वर्षीच्याच फोटोंवर हे गाणं लावून पाहिलं. प्रत्येक फोटो मोजून पहिल्या ठोक्यावर बदलला, तरी सगळं लंगडतंय. मावसभाऊ म्हणतो गाणंच बदल. ते होणार नाही.

(फक्त घरात दाखवायचंय, कुठे चढवणार नाही. त्यामुळे हक्कांची चर्चा नको, प्लीज.)

प्रतिसाद १
पाण्याचं सांगतो. धबधब्याला फेस असतो म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवलं की रेघा उठतात. कालवा संथ, त्यात रेघ ओढायला काहीच नाही, म्हणून काच होते. तरंगणारं काहीतरी शोधा. पुण्यात ते शोधावं लागत नाही म्हणा! निर्माल्यातली झेंडूची माळ वाहत आली की शटर १/४ किंवा १/८ सेकंदावर ठेवून दाबा. माळेची केशरी रेघ उमटते, काठचं झाड जागच्या जागी राहतं. दोन सेकंदांत माळच पुसली जाईल. आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा तोल) ऑटोवर नको, सकाळचा निळा रंग तो 'दुरुस्त' करून टाकतो.

प्रतिसाद २
मी तबला शिकलोय, म्हणून ठोक्यांचं बोलतो. तुम्ही फोटो समेवर बदलताय. आपल्या हाडात सम आहे, पहिल्या मात्रेवर मान हलणारच. रेगेत बऱ्याचदा पहिला ठोका मोकळा सोडतात आणि ड्रमचं सगळं वजन तिसऱ्यावर टाकतात. त्याला वन ड्रॉप म्हणतात. गिटारचं चक्-चक् तर दुसऱ्या आणि चौथ्यावर वाजतं. म्हणजे जिथे गाणं श्वास घेतंय तिथे तुम्ही फोटो आपटताय. एक-दोन-तीन-चार मोजा आणि तिसऱ्यावर बदला. आणि प्रत्येक फोटो सारखाच वेळ ठेवू नका, एखादा दोन आवर्तनं राहू दे.

धागाकर्ता
आत्ताच तिसऱ्यावर बदलून पाहिलं. आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "आता बरं चाललंय." आभार!
एकच राहिलं. रब्बीचं पाणी सुटलं नसेल तर कालव्यात नुसता गाळ दिसायचा. हडपसरकडचं कुणी आहे का?

प्रतिसाद ३
आज सकाळी पुलावरून बघितलं. अर्ध्याच्या वर वाहतोय. माळा पण आहेत, एक नारळही होता.