मदत हवी आहे: स्पोर्ट्स कार मिसिंग मारते, टायमिंग बरोबर आहे, तरीही

लाल_घोडं (कोल्हापूर)
नमस्कार मंडळी. गाडी आयडलिंगला थरथरते, पिकअप पार मेलाय. पन्हाळ्याचा चढ लागला की टेंपरेचरचा काटा वर, आणि उतरताना पाय उचलला की सायलेन्सरमधून फाट फाट. पॉइंट नवे, कंडेन्सर नवा, प्लग नवे, कॉइल नवी. टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते, टायमिंग लाईट लावून पुस्तकात दिलंय तिथंच बसवलंय. येत्या रविवारी गाडी बाहेर काढायचीच आहे, तेव्हा "चांगल्या मिस्त्रीला दाखवा" असं कृपया लिहू नका. मिस्त्री बदलून झालेत. नेमकं काय करायचं तेवढं सांगा.

पुणेरी_पाना
कोणती गाडी?

लाल_घोडं
एमजी. फोटोत दिसतेय की.

पुणेरी_पाना
फोटो चढलेला नाही.

शांत_सारथी
एमजी असेल तर सरळ शोरूमला टाका. वॉरंटीत असेल तर बाहेरच्या मिस्त्रीला बॉनेट उघडूच देऊ नका, नंतर क्लेम नाकारतात.

लाल_घोडं
अहो हेक्टर नव्हे! एमजीबी. १९७० ची, उजव्या हाताचं स्टिअरिंग, दोन एसयू कार्बोरेटर. सायलेन्सरमधून फाट फाट करणारी हेक्टर कधी बघितलीय का तुम्ही?

शांत_सारथी
वर्ष आधी लिहायला हवं होतं.

इथेनॉल_विरोधी
इतकं डोकं लावायची गरजच नाही. पेट्रोल. सगळ्या पंपांवर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) आलंय. जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यानं फुगतात, टाकीत पाणी धरतं, आणि तेवढ्याच जेटवर मिक्श्चर पातळ होतं. पातळ मिक्श्चर म्हणजे मिसिंग. पाइप बदला, जेट थोडे खाली घ्या, विषय संपला.

शिरोळचा_ऊस
इथेनॉलला नावं ठेवू नका भावा. त्याच्यावर कारखाने चाललेत, कारखान्यांवर आम्ही. एफआरपी, उसाचा ठरलेला दर, एकरकमी मिळतीय का बघा आधी, मग पेट्रोलचं बोला.

इथेनॉल_विरोधी
एफआरपीचा इथं काय संबंध?

शिरोळचा_ऊस
संबंध तुम्हीच काढला.

पुणेरी_पाना
उसाचा धागा वेगळा काढा. @लाल_घोडं, तीन प्रश्न. टायमिंग किती अंशांवर लावलं, किती आरपीएमला, आणि व्हॅक्युमची नळी काढून बुजवली होती का? "पुस्तकात दिलंय तिथं" यातून काही कळत नाही.

लाल_घोडं
१४ अंश. नळी काढली होती. आरपीएम ९०० च्या आसपास, त्याच्याखाली बंद पडते.

पुणेरी_पाना
या इंजिनाला १४ अंश ६०० आरपीएमला दिलेत. ९०० ला डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांनी थोडा अॅडव्हान्स (स्पार्क लवकर पाडणं) द्यायला सुरुवात केलेली असू शकते. म्हणजे तुम्हाला दिसणाऱ्या १४ मधले काही अंश त्या वजनांचे. इंजिन बंद ठेवून बल्बवर लावा: टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर पोचतो ती जागा) आधी १० अंश. पॉइंटच्या वायरला आणि अर्थला १२ व्होल्टचा बल्ब जोडा, इग्निशन चालू करा, डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवा. बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडला. पॉइंटचा गॅप आधी फिलरनं बघा, १५ थाऊ (हजारांश इंच). गॅप बदलला की टायमिंग बदलतं, हा क्रम उलटा करू नका.

उद्यमनगरी
बल्ब काय, लाईट काय. आमच्याकडं अँबॅसिडरं कानानं लावायचे. डिस्ट्रिब्युटर ढिला करायचा, इंजिन कुठं मोकळं होतंय ते ऐकायचं, किंचित मागं घ्यायचं, नट आवळायचा. एमजीबी आणि अँबॅसिडर एकाच रक्ताच्या, दोन्हीत ब्रिटिश बीएमसी कंपनीचं बी-सिरीज इंजिन. १४८९ सीसी आणि १७९८ सीसी एवढाच फरक. उद्यमनगरात कुणीही करंल.

पुणेरी_पाना
एवढाच फरक नाही. अॅडव्हान्सचा कर्व्ह (किती आरपीएमला किती अंश) वेगळा आहे. आणि कानानं लावलेलं टायमिंग रिकाम्या इंजिनाला गोड लागतं. लोडवर चढाला नॉकिंग (इंजिनात ठोके) सुरू झालं की पिस्टनचा बळी जातो.

उद्यमनगरी
नॉकिंग ऐकायला पण कानच लागतात की पुण्यात?

भंगारातला_राजा
अँबॅसिडरचा अख्खा डिस्ट्रिब्युटरच बसवा. माझ्याकडं दोन पडलेत. व्यक्तिगत निरोप करा.

पुणेरी_पाना
कर्व्ह वेगळा म्हटलं ना आत्ताच.

भंगारातला_राजा
तुम्हाला विकत नाही हो.

कावळा_नाका
रोटर बदललाय का? यादीत रोटर नाही. हल्लीच्या काही रोटरमधून स्पार्क रिव्हेटवाटे खालच्या शाफ्टला पळतो. गाडी गरम झाली की मिसिंग. दिसायला एकदम नवाकोरा, म्हणून कुणाचा संशय जात नाही. जुना ठेवला असेल तर तोच घालून बघा. आणि प्लगच्या वायरी १-३-४-२ आहेत ना? कॅपवर रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, हे इथं लोक चुकतात.

लाल_घोडं
१-३-४-२ च आहेत, चुकल्या असत्या तर चाललीच नसती. रोटर जुना घालून बघितला, काही फरक नाही. आणि कानानं लावून झालंय हो. कानानं लावली की बरी पळते! पण लाईट मारली की खूण २८-३० वर दिसते. एवढा अॅडव्हान्स कसा ठेवणार, म्हणून परत १४ वर आणतो आणि परत मरते. तेच तर म्हणतोय.

जुनं_लोखंड
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं की रे बाळा. वरची सगळी गंमत वाचली. आता एक कर. क्रँकची पुली समोरून नीट बघ. मधला हब आणि बाहेरचं कडं, यांच्यामध्ये रबराची काळी रिंग आहे का?

लाल_घोडं
आहे. जरा फुगून बाहेर आल्यासारखी वाटते. पण पुलीचा आणि मिसिंगचा काय संबंध?

जुनं_लोखंड
टायमिंगची खूण बाहेरच्या कड्यावर आहे. क्रँकला पक्का बसलाय तो हब. दोघांना धरून ठेवणारं रबर जुनं झालं की सुटतं, आणि फॅनबेल्टच्या ओढीनं कडं हळूहळू मागं सरकतं. मग पिस्टन वर पोचला तरी खूण अजून पॉइंटरकडं यायची असते. खरे १४ अंश असताना लाईटमध्ये जास्त दिसतात, आणि तू ते खेचून १४ वर आणतोस. म्हणजे प्रत्यक्षात स्पार्क जवळपास टीडीसीला पडतोय, उशिरा. उशिरा स्पार्क म्हणजे ताकद नाही, इंजिन तापणार, जळता वायू सायलेन्सरमध्ये फुटणार. तुझी तक्रार शब्दशः हीच आहे. पुस्तक बरोबर, लाईट बरोबर, खूण खोटी.

उद्यमनगरी
म्हंजे कानच बरोबर.

पुणेरी_पाना
कान बरोबर निघाला. फरक आहे. पण @जुनं_लोखंड, हा आत्ता अंदाज आहे. पुलीपेक्षा टायमिंग चेन ताणलेली असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

जुनं_लोखंड
चेन ताणल्यानं डिस्ट्रिब्युटर मागं पडतो, लाईटमध्ये तो मागंच दिसतो. १५ अंश पुढं दिसणार नाही. असो, वाद कशाला, मोजून बघा की. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढायची आणि त्याच्या बॉडीत बोल्ट वेल्ड करून घ्यायचा, टोक गोल घासलेलं हवं. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर होईल, फक्त बोल्ट फार लांब ठेवू नको. बॅटरीची वायर काढ. सगळे प्लग काढ, गिअर न्यूट्रल. रेडिएटरकडच्या, म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरात हा स्टॉपर आवळ. क्रँकच्या नटाला पाना लावून सावकाश फिरव, पिस्टन टेकला की पॉइंटरसमोर पुलीवर खडूची रेघ मार. मग उलटं फिरव, दुसऱ्या बाजूनं टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांच्या मधोमध खरा टीडीसी. स्टार्टर चुकूनही मारायचा नाही, पिस्टनला भोक पडेल.

शांत_सारथी
एवढ्यात नवीन गाडी आली असती.

टोपसंभाजी
कुठल्या रंगाची आहे? विकायची झाली तर कळवा. आपल्या महाराजांची मेबॅक दसऱ्याला निघते तेव्हा मी दरवर्षी फोटो काढतो, एमजीबी मात्र कोल्हापुरात बघितली नाही.

लाल_घोडं
विकायची नाही. रंग आयडीत आहे.

स्टॉपर करून आणला. लेथवाल्यानं पैसे घेतले नाहीत, पण "हे कशाला" म्हणून चहा होईपर्यंत सोडलं नाही. आता मोजमाप. दोन रेघांचा मध्य आणि कंपनीची खूण यांच्यात १८ मि.मी. अंतर. फीत गुंडाळून पुलीचा परीघ ४४० आला. म्हणजे जवळपास १५ अंशांचा फरक! खऱ्या टीडीसीवरून मागं मोजून १० अंशांची रेघ मारली आणि बल्बवर टायमिंग लावलं. गाडी अर्ध्या सेल्फात सुरू. आयडलिंगचा स्क्रू बराच खाली घ्यावा लागला. संध्याकाळी पन्हाळ्याला जाऊन आलो, काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही, फाट फाट बंद.

आयडलिंगला बारीक थरथर अजून आहे. लाईटमध्ये रेघ एका जागी थांबत नाही, मागंपुढं नाचते. आणि पुलीचं काय करू? इथं रबर मोल्डिंगवाले भरपूर आहेत, नवं रबर भरून घेऊ का?

कावळा_नाका
रेघ नाचते म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टला प्ले आहे. कॅप काढून रोटर हातानं आडवा हलव. खडखड लागली तर बुश गेला. बुश इथंच करून मिळेल, शाफ्ट घासलेला नसला म्हणजे झालं.

इथेनॉल_विरोधी
तरी पेट्रोलचे पाइप बदलाच.

जुनं_लोखंड
पाइप बदल, त्यात तो चुकीचा नाही.

रबर भरून घेऊ नको. मोल्डिंगवाल्यांचं काम चांगलं असतं, पण ही पुली क्रँकची थरथर खाण्यासाठी आहे. त्यात रबर किती कडक हवं ते ठरलेलं असतं, आणि कडं मध्यात बसलं नाही तर बॅलन्स जातो. नवी पुली मागव. येईपर्यंत खरी खूण हबवर कोर, कड्यावर नको, कडं अजून सरकणार. आणि रबर फुगलंय म्हणतोस तर रविवारी आरपीएम चढवू नको. कडं पुढं निघून आलं तर रेडिएटर फाडेल.

लाल_घोडं
पुली मागवली. रविवारी रंकाळ्यापर्यंतच नेतो, सावकाश.

भंगारातला_राजा
पुली पण आहे माझ्याकडं. अँबॅसिडरची.