विमानं ४१, वेळ रात्री मिळेल तेवढा. मदत हवी आहे

रात्रीचा_वैमानिक
थेट मुद्द्यावर येतो. कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरची ४१ विमानं झालीत. दर सेलला एकेक घेत गेलो, त्यातली निम्मी अजून पार्किंगमधून हललेलीही नाहीत. परवा तीन महिन्यांनी ७३७ काढलं, तर एफएमसीत (विमानातल्या उड्डाणाच्या कॉम्प्युटरमध्ये) वजनं कुठे भरायची तेच आठवेना. यूट्यूब लावलं, व्हिडिओ संपेपर्यंत डोळे मिटायला लागले. त्याआधीच्या शुक्रवारी तर नुसतं अपडेट उतरवण्यातच गेला वेळ. सगळ्या विमानांना न्याय कसा द्यायचा? कोणी वेळापत्रक वगैरे पाळतं का? "कशाला घेतलीस एवढी" हे घरी ऐकून झालंय, इथे नको.

लोहगावकर
कुठलं सिम? मायक्रोसॉफ्टचं २०२०, २०२४ की एक्स-प्लेन? पीसी की एक्सबॉक्स?

जुनी_जॉयस्टिक
मी २००६ च्या एफएसएक्सपासून (मायक्रोसॉफ्टचंच जुनं सिम) उडवतोय. अजून दोनच विमानं, सेसना आणि ७३७. बाकीची ३९ काढून टाक. प्रश्न मिटला.

खर्डा_भाकर
ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे? माझ्याकडे ढगात शिरलं की अडकत होतं, सेटिंग कमी केल्यावर सुटलं.

रात्रीचा_वैमानिक
पीसी, २०२४. अजून कुठलं असणार! ग्राफिक्स कार्डाचा इथे काय संबंध?

धावपट्टी२६
विमानं राहू द्या, मार्ग ठरवा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी पस मॉथमधून कराचीहून टपाल आणलं, अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. तोच मार्ग सेसनात घ्या, जीपीएस बंद करून, फक्त नकाशा आणि किनारा बघत. मी दिवाळीच्या सुट्टीत केला, अंगावर काटा आला. नुसतं अहमदाबाद ते जुहू अडीचेक तास लागतात.

रात्रीचा_वैमानिक
अडीच तास?? मला पाऊण तास मिळतो हो. मुलगी झोपल्यावर. लिहिलं होतं ना?

लोहगावकर
नव्हतं लिहिलं.
पाऊण तासात कोल्ड अँड डार्कपासून, म्हणजे सगळं बंद असलेल्या विमानापासून, सुरू करायचा हट्ट कशाला? फ्लायबायवायर गटाच्या एअरबस ए३२० मध्ये फ्लायपॅडवर (कॉकपिटमधल्या टॅबवर) प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगं आहेत, "टेकऑफला तयार" दाबलं की मोकळा. बऱ्याच विकतच्या विमानांतही अशी सोय असते.
दुसरं, नॅव्हिगेशन डेटा दर २८ दिवसांनी बदलतो. मी तेच चक्र धरलंय. २८ दिवस एकच विमान, बाकीची कम्युनिटी फोल्डरच्या (सिम ॲडऑन्स जिथून उचलतं त्याच्या) बाहेर. त्यासाठी ॲडऑन्स लिंकर हा प्रोग्रॅम फुकट आहे, खूण काढली की विमान बाजूला. सिमही लवकर उघडतं. तिसऱ्या रात्रीपासून हात आपोआप जागेवर जातो.

जुनी_जॉयस्टिक
४१ गुणिले २८ म्हणजे ११४८ दिवस. शेवटच्या विमानाची पाळी तीन वर्षांनी. तोवर २०२८ येईल बाजारात. म्हणून म्हणतो, दोनच ठेव. आणि प्रीसेट दाबून उडायचं तर व्हिडिओ गेमच खेळ की.

लोहगावकर
काका, खरे वैमानिकसुद्धा दर फेरीला बॅटरीपासून सुरुवात करत नाहीत. मधल्या फेऱ्यांना विमान चालू अवस्थेतच ताब्यात मिळतं.

बोईंगभक्त
मुळात एअरबस शिकायची गरजच काय? नॉब ढकलला की विमान स्वतःच ठरवतं, ओढला की आपण. याला उडवणं म्हणतात?

खर्डा_भाकर
झालं सुरू! मागच्या धाग्यावर १८० प्रतिसाद झाले होते याच्यावर.

समिधा_नवी_मुंबई
थोडं अवांतर, नवी मुंबई विमानतळाची चांगली सीनरी कोणाकडे आहे का? माझ्याकडे अजून तिथे चिखल दिसतो.

लोहगावकर
समिधाताई, वेगळा धागा काढा प्लीज.
वैमानिक, एटीआर (पंख्याचं छोटं प्रवासी विमान) आहे का? कोल्हापूर-गोवा कर. हवाई अंतर दीडेकशे किलोमीटर, अर्ध्या तासात दाभोळीला. पहिले २८ दिवस एवढंच.

रात्रीचा_वैमानिक
आहे. २०२३ मध्ये घेतलं, आज पहिल्यांदा उघडलं. प्रीसेट सापडला नाही, म्हणून म्हटलं करूया सगळं हाताने. दहा मिनिटं एपीयूचं (जमिनीवर वीज देणाऱ्या छोट्या इंजिनाचं) बटण शोधत होतो.

धावपट्टी२६
एटीआरला एपीयू नसतो! उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने धरून ठेवतात आणि इंजिन तेवढं चालू, वीज आणि हवा त्याच्यावर. हॉटेल मोड म्हणतात.

रात्रीचा_वैमानिक
ते आता कळलं. इंजिन चालू झालं, पण ब्रेक सोडला तरी पंखा फिरत नाहीये.

लोहगावकर
ब्रेकचा 'रेडी' दिवा लागलाय का? हायड्रॉलिक प्रेशर किती दाखवतंय?

जुनी_जॉयस्टिक
सेसनाला असली भानगड नाही.

लोहगावकर
वैमानिक, दिवा?

रात्रीचा_वैमानिक
बंद केलं सगळं. मुलगी उठली. उद्या बघतो.