मदत हवी आहे: नसबंदी झालेली 13 वर्षांची मांजरी, योनीतून रक्त आणि मूत्राशयामागे गाठ

उंबरठा:
मांजरी आखूड केसांची, वय 13, वजन 3.4 किलो. पाच महिन्यांपूर्वी 3.9 होतं. नसबंदी वर्षाची व्हायच्या आत झाली, पण तेव्हाचे कागद उपलब्ध नाहीत. त्यामुळे फक्त अंडाशयं काढली होती की गर्भाशयही काढलं होतं, हे कळायला मार्ग नाही.

तीन आठवड्यांपासून गुलाबी-तपकिरी स्राव आहे. बसते तिथे डाग पडतात आणि ती मागची बाजू सतत चाटते. लघवी दिवसातून सात-आठ वेळा, थोडी थोडी. शी चपटी, फितीसारखी होते. ताप नाही, तापमान 38.6 अंश. मूत्राशयाचा संसर्ग समजून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट सात दिवस दिलं. दोन दिवस स्राव कमी वाटला, मग होता तसा.

रिपोर्ट: हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) 27 टक्के, पांढऱ्या पेशी 14,200, क्रिएटिनिन 1.9, लघवीची घनता 1.022. सोनोग्राफीत मूत्राशयाची मान आणि मोठं आतडं यांच्या मधोमध 2.6 × 2.1 सेंमीची गाठ, आत थोडा द्रव. मूत्राशयाची भिंत गुळगुळीत. उजव्या मूत्रपिंडाचा पेल्व्हिस (लघवी जमा होते तो पोकळ भाग) 5 मिमी फुगलेला.

गाठीत सुई घालून पेशी काढायचं सुचवलं आहे. ते करावं का? शस्त्रक्रियेआधी सीटी लागेलच का? आणि कॅन्सर निघाला तर या वयात, या किडन्यांवर केमो झेपेल का?

टाकाकात्री:
सुई नको. गाठीत द्रव आहे. तो पू असेल तर सुईच्या भोकातून पोटात गळून पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या पडद्याचा दाह) होईल. कॅन्सर असेल तर पेशी सुईच्या वाटेवर रुजू शकतात. शिवाय या जागेची सुईतपासणी बऱ्याचदा फक्त 'रक्त आणि दाहाच्या पेशी' एवढंच सांगते आणि निर्णय तिथेच अडकतो. सुई घालायचीच तर ती कंबरेखालच्या सुजलेल्या लिम्फ नोडमध्ये किंवा लिव्हरवर डाग दिसला तर तिथे. त्या उत्तराने शस्त्रक्रिया करायची की नाही हे खरोखर ठरतं.

'नसबंदी झाली आहे, म्हणजे गर्भाशयाचा कॅन्सर असणार नाही' हे गृहीत इथे सगळ्यात जास्त वेळ खातं. मांजरांत गर्भाशयाच्या गाठी दुर्मीळच. पण गर्भाशयाचा खुंट (कापल्यावर उरलेलं टोक) मागे राहिला असेल, किंवा फक्त अंडाशयं काढली असतील, तर अस्तराचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा ग्रंथीपेशींचा कॅन्सर नसबंदीनंतर कित्येक वर्षांनीही होऊ शकतो आणि तशी प्रकरणं नोंदलेली आहेत. मात्र प्रत्येक खुंटगाठ कॅन्सर नसते. न विरघळणाऱ्या जुन्या टाक्याभोवतीचा ग्रॅन्युलोमा (दाहाने झालेली गाठ), खुंटात साठलेला पू, स्नायूची साधी गाठ म्हणजे लायोमायोमा, हे सगळं सोनोग्राफीत जवळजवळ असंच दिसतं.

आता क्रम. आधी अंडाशयाचा तुकडा राहिला आहे का ते बघा. त्यासाठी रक्तातलं एएमएच (अंडाशयातून येणारं) हार्मोन आणि योनीच्या पेशींची स्लाइड पुरे. कापसाची काडी सलाईनने ओली करायची, वरच्या दिशेला हळूच सरकवायची, एकदाच फिरवायची आणि काचेवर लोळवायची, घासायची नाही. केंद्रक विरलेल्या, कोनेदार, चपट्या पेशी बहुसंख्य दिसल्या तर शरीरात कुठून तरी इस्ट्रोजेन येतंय. मग शोध मूत्रपिंडांच्या मागच्या टोकापाशीही घ्यावा लागतो, कारण राहिलेला तुकडा तिथेच सापडतो. त्यातून ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ झाली असेल तर गंभीर. मांजरात तिचं वागणं बहुधा घातक असतं.

त्याच रक्तात टी4 (थायरॉइडचं हार्मोन) बघून घ्या. या वयात थायरॉइड वाढलेलं असेल तर क्रिएटिनिन खोटं कमी दिसतं. म्हणजे 1.9 हा आकडासुद्धा तेव्हा दिलासा देणारा नाही.

रंगकाच:
लघवीबद्दल एक भर. रक्त कुठून येतंय हे दोन नमुने शेजारी ठेवले की कळतं. एक नमुना न शोषणाऱ्या लिटरवर आपसूक पडलेला, दुसरा पोटातून सुईने मूत्राशयातून काढलेला. पहिल्यात रक्त आणि दुसरा स्वच्छ, तर उगम मूत्राशयाच्या खाली, म्हणजे मूत्रमार्ग किंवा जननमार्ग. दोन्हींत रक्त असेल तर मूत्राशय यादीत परत येतं.

टाकाकात्री:
@रंगकाच, तत्त्व मान्य, पण इथे गाठ मूत्राशयाच्या मानेला चिकटून आहे. सुई आंधळेपणाने नको. सोनोग्राफीचा प्रोब ठेवून, मूत्राशयाच्या पुढच्या टोकातून, गाठीपासून लांब. भिंत कुठे जाड दिसली तर हा नमुना सोडूनच द्यावा.

रंगकाच:
बरोबर, प्रोबशिवाय नकोच.

उंबरठा:
दोन्ही नमुने झाले, प्रोबखालीच. आपसूक पडलेल्यात भरपूर रक्त, सुईचा स्वच्छ, कल्चरमध्ये जंतूंची वाढ नाही. एएमएच शोधमर्यादेच्या खाली. स्लाइडवर इस्ट्रोजेनचा परिणाम नाही. टी4 नॉर्मल, रक्तदाब 150. छातीचे तीन एक्स-रे (दोन्ही कुशींवर आणि उताणं) स्वच्छ. आता सीटी?

टाकाकात्री:
हो, आणि कारण तो 5 मिमीचा पेल्व्हिस. उजवी मूत्रनलिका गाठीने नुसती दाबली आहे की गाठीत गुरफटली आहे, हे सोनोग्राफी नीट सांगत नाही. दाबली असेल तर गाठ काढली की किडनी मोकळी होते. गुरफटली असेल तर नलिका कापून मूत्राशयात पुन्हा जोडावी लागेल आणि ती पूर्णपणे वेगळी शस्त्रक्रिया आहे. हे टेबलवर पोट उघडल्यावर कळणं वाईट. कॉन्ट्रास्ट (सीटीत अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात तो द्रव) 300 मिग्रॅ आयोडीन प्रति मिलीचं असेल तर साधारण 2 मिली प्रति किलो लागतं, म्हणजे हिला 7 मिलीच्या आसपास. आधी आणि नंतर सलाईन चालू हवं. कॉन्ट्रास्ट मूत्रनलिकांत उतरल्यावरची उशिराची फेरी घ्यायला आवर्जून सांगा. घाईत तीच राहून जाते.

त्याच भुलेत छातीही स्कॅन करून घ्या. एक्स-रेला काही मिलिमीटरचे ठिपके दिसत नाहीत.

शस्त्रक्रियेच्या आधी रक्तगट तपासलाच पाहिजे. हिमॅटोक्रिट 27 आहे आणि ही जागा रक्ताळ असते. कुत्र्यात पहिलं रक्त गट न पाहताही बहुतेक वेळा खपून जातं; मांजरात नाही. 'बी' गटाच्या मांजरीत 'ए' विरुद्धच्या प्रतिपिंडांची फौज निसर्गतः तयार असते, आणि चुकीचं रक्त काही मिलीतच जीव घेऊ शकतं.

चीर बेंबीच्या वरपासून थेट जघनास्थीपर्यंत हवी, छोट्या चिरेतून हे होत नाही. मूत्रमार्गात बारीक कॅथेटर ठेवला की बोटाला तो कुठे आहे ते सतत जाणवतं. क्लॅम्प लावण्याआधी दोन्ही मूत्रनलिका डोळ्यांनी पाहायच्या. खुंट मूत्राशयाच्या इतका जवळ असतो की चुकून बांधल्या जाणं ही इथली ठरलेली चूक आहे. गाठीसोबत गर्भाशयमुख आणि योनीचा पुढचा भाग काढायचा, शक्य तिथे 1 सेंमी निरोगी कड ठेवून. मागच्या बाजूला फार खणलं तर मूत्रमार्गाच्या नसा (मज्जातंतू) दुखावतात आणि लघवी गळायला लागते, म्हणून तिथे कड आणि नसा यांत निवड करावी लागते. काय सोडलं ते शल्यचिकित्सकाने लिहून ठेवलं पाहिजे. ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा), लिव्हर, इलियाक नोड (कंबरेखालचे लिम्फ नोड), दोन्ही किडन्यांमागची जागा पाहून, संशयास्पद ते वेगळ्या बाटलीत. बंद करण्याआधी हातमोजे आणि उपकरणं बदलायची.

भुलेत सरासरी रक्तदाब 65 च्या खाली जाऊ द्यायचा नाही, सलाईन ताशी 3 मिली प्रति किलोने सुरू करायचं. या किडन्यांना रक्तदाबाची एक मोठी घसरणसुद्धा महागात पडेल.

रंगकाच:
नमुना कसा पोहोचतो यावर रिपोर्टचा अर्धा दर्जा ठरतो, म्हणून हे छापून क्लिनिकला द्या. 10 टक्के बफर्ड फॉर्मेलिन, आकारमान गाठीच्या दहापट. रुंद तोंडाची बाटली. ताजी मऊ गाठ अरुंद तोंडातून आत जाते, पण कडक झाल्यावर बाहेर येत नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही, बर्फाने पेशी फुटतात. फॉर्मेलिन दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर आत शिरतं, तेव्हा जाड भागाला ब्रेडच्या स्लाइससारखे काप द्यावेत, पण पूर्ण तोडू नयेत आणि कापलेली कड बिघडवू नये. कडेला शाई लावून वाळू द्यायची, मग बाटलीत. योनीकडची कड टाक्याने खूण करून ठेवा, नाहीतर 'कड स्वच्छ नाही' असं आलं तरी कोणती ते सांगता येणार नाही.

स्लाइड आणि फॉर्मेलिनच्या बाटल्या एका पिशवीत घालू नका. फॉर्मेलिनच्या वाफेने स्लाइड नीट रंगत नाही आणि पेशी वाचता येत नाहीत.

फॉर्मवर वय, नसबंदी, गाठीची नेमकी जागा, सीटीचा निष्कर्ष लिहा. रिपोर्टमध्ये प्रकार, मायटोटिक संख्या (विभाजन होत असलेल्या पेशी किती), रक्तवाहिन्या-लसीकावाहिन्यांत शिरकाव, स्नायूत किती खोल, आणि कडांचं अंतर मिलिमीटरमध्ये, एवढं मागून घ्या. नुसतं 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा' एवढ्यावर पुढचं ठरत नाही.

काळीजकाठ:
मध्येच विचारतो, क्षमस्व. 15 वर्षांचा नसबंदी झालेला बोका, शिश्नाच्या त्वचेवर मटारएवढी कडक गाठ, लघवीला जोर लावतो. याच क्रमाने जायचं का?

टाकाकात्री:
नाही. तुमच्या गाठीला सुई चालेल, ती बाहेरची आहे. मास्ट सेल गाठ, स्क्वेमस सेल कॅन्सर, सारकोमा, काहीही असू शकतं आणि मास्ट सेल तर सुईवरच ओळखू येते. पण आधी आज लघवी होते का ते पाहा. जोर लावूनही थेंब नाही, पोट कडक, उलटी, अशी लक्षणं दिसली तर गाठ बाजूला ठेवून तातडीने दवाखाना. बंद झालेली लघवी बोक्याला एक-दोन दिवसांत मारते.

मात्रा:
केमोच्या प्रश्नाकडे. या आजारात केमोचा पुरावा मोजक्या प्रकरणांपुरता आहे, म्हणून ठाम आकडे देणारा माणूस दिसला तर त्याला विचारा ते कुठून आले. कड स्वच्छ, वाहिन्यांत शिरकाव नाही, नोड स्वच्छ, असं आलं तर केमोशिवाय दर दोन-तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे हा सरळ मार्ग आहे. लायोमायोमा किंवा ग्रॅन्युलोमा आला तर काढलं की संपलं. शिरकाव असेल किंवा नोडमध्ये पेशी असतील तर केमोचा विचार करावा.

मांजरांत यासाठी डॉक्सोरुबिसिन 1 मिग्रॅ प्रति किलो दर तीन आठवड्यांनी, किंवा कार्बोप्लॅटिन 200 ते 240 मिग्रॅ प्रति चौरस मीटर दर तीन-चार आठवड्यांनी वापरतात. हिचं पृष्ठफळ सुमारे 0.226 चौमी, म्हणजे कार्बोप्लॅटिनचे साधारण 45 ते 54 मिग्रॅ. गोची अशी की डॉक्सोरुबिसिन मांजराच्या किडनीला हळूहळू इजा करतं आणि कार्बोप्लॅटिन किडनीतूनच बाहेर पडतं, तेव्हा गाळणी मंद असेल तर तोच डोस जास्त ठरतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर, उजवी किडनी मोकळी झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा करा, आणि डोसचा आकडा तेव्हा ठरवा. कार्बोप्लॅटिननंतर पांढऱ्या पेशींचा तळ मांजरात दोन ते तीन आठवड्यांनी येतो. सातव्या दिवसाच्या रक्तावर विसंबून पुढचा डोस देणं ही चूक होते. डॉक्सोरुबिसिनसाठी शिरेतली सुई पहिल्याच प्रयत्नात स्वच्छ बसली पाहिजे, बाहेर गळलं तर पाय सडतो.

सिस्प्लॅटिन मांजराला कधीही नाही, फुप्फुसात पाणी भरून मृत्यू होतो. 5-फ्लुरोयुरॅसिल मलमाच्या रूपातही नाही.

पहाटपाळी:
घरचं. वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिन 0.02 मिग्रॅ प्रति किलो, गालाच्या आतल्या बाजूला, दर आठ तासांनी. मेलॉक्सिकॅम या दुसऱ्या वेदनाशामकाचा निर्णय क्रिएटिनिन पाहून व्हेटच घेतील. माणसांची पॅरासिटामॉल एक गोळीही घातक आहे.

खाणं मोजून द्या. विश्रांतीची गरज म्हणजे 70 गुणिले वजनाचा 0.75 घात, 3.4 किलोला सुमारे 175 कॅलरी. दोन दिवस याच्या निम्म्याहून कमी खाल्लं तर वाट पाहू नका, मांजराचं लिव्हर चरबीने भरायला वेळ लागत नाही. मळमळीला मॅरोपिटंट 1 मिग्रॅ प्रति किलो, भुकेला मिर्टाझॅपिन कानाच्या आत. किडनी मंद असेल तर एक दिवसाआड. तोंडात जबरदस्तीने कोंबू नका, त्या अन्नाचा तिरस्कार बसतो. त्यापेक्षा शस्त्रक्रियेच्या भुलेतच मानेतून फीडिंग ट्यूब बसवायचा विचार करा.

कॉलर 10 ते 14 दिवस, ती चाटतेच आहे म्हणून एक दिवसही सूट नको. लिटर ट्रेमध्ये मऊ कागद, बारीक वाळू टाक्यांना चिकटते. लघवीचे गोळे रोज मोजा, आणि 12 तासांत एकही नसेल तर फोन करा. केमो झालाच तर निदान तीन दिवस ट्रे हातमोजे घालून, दुहेरी पिशवीत. घरात कोणी गर्भवती असेल तर तिने हात लावू नये.

उंबरठा:
सीटीत उजवी नलिका बाहेरून दाबलेली आहे, आत शिरकाव नाही. छाती स्वच्छ. उजवा इलियाक नोड 4 मिमी, आकार नॉर्मल. रक्तगट 'ए'. गुरुवारी शस्त्रक्रिया. नोड लहान दिसतोय, तरी काढायला सांगू का?

टाकाकात्री:
हो, सहज हाताशी आला तर. आकाराने लहान नोडमध्येही पेशी असू शकतात, आणि केमोचा निर्णय नेमका त्याच्यावर अडेल. महाधमनीच्या फाट्याला चिकटलेला असेल तर ओढाताण नको, तिथे सुईने पेशी घेणं पुरे. वेगळी बाटली, वेगळं लेबल.