पहाटेचा राग समोर बसून शेवटचा कधी ऐकलात?

शनिवारपेठकर:
माळ्यावरची ट्रंक आवरताना सवाई गंधर्व महोत्सवाची काही जुनी तिकिटे हाती लागली. त्या वर्षी कोण काय गायले हे आठवेना. मात्र पुण्यात रमणबागेच्या पटांगणावर कानाला मफलर गुंडाळून, शाल पांघरून बसलेली माणसे आणि पहाटे चारनंतर मांडवात पसरणारी शांतता लख्ख आठवली. भीमसेन जोशी यांनी गुरू रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चाले. पुढे ध्वनिक्षेपकांवर रात्री दहाचे बंधन आले आणि आता मुकुंदनगरला दुपारी आरंभ होऊन, मध्यरात्रीपर्यंतची सवलत मिळालेला दिवस सोडल्यास, दहाच्या ठोक्याला सगळे उरकते. दरबारी, मालकंस आणि त्यापुढचे पहाटेचे राग त्यामुळे आपसूकच कमी झाले. रात्रभराच्या मैफली ऐकलेल्यांना विचारतो: कोणता राग, कोणत्या प्रहरी ऐकलेला, आजही मनातून जात नाही आणि का? नुसती कलावंतांची यादी कृपया नको.

आत्याची_भाची:
मी नऊ वर्षांची असताना आत्याने मला सोबत नेले होते. सतरंजी, थर्मास आणि डब्यात दशम्या असा जामानिमा होता. रात्रीच्या पहिल्याच ख्यालाला मी आत्याच्या मांडीवर झोपले, हे कबूल करते. जाग आली तेव्हा कुणीतरी सारंगी वाजवत होते आणि एका विशिष्ट जागी सूर किंचित सरकून परत येत होता; ती जागा आली की पोटात खड्डा पडल्यासारखे होई. नाव विचारण्याचे ते वय नव्हते. पुढे सात-आठ वर्षांनी पेटी शिकताना मास्तरांनी शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम, म्हणजे ‘म’चे दोन्ही सूर, लागोपाठ दाबून दाखवले, तेव्हा मी एकदम म्हणाले, “हे मी ऐकले आहे.” तो पहाटेचा राग ललत होता. आजही तो लावला की मला गार सतरंजीचा वास येतो.

जवारी:
मी गायक नाही, परंतु अनेक वर्षे तंबोऱ्याच्या साथीला बसलो आहे, त्यामुळे माझ्या आठवणी सुरांपेक्षा खुंट्यांच्याच अधिक आहेत. थंडीत तार आखडून चढते, उलट दवाने तबल्याची पुडी उतरते आणि दोघे परस्परविरुद्ध दिशांना निघतात. तशात आधीच्या कलावंताने पंचमात (‘प’ला) लावलेली पहिली तार, ललतात पंचम वर्ज्य असल्यामुळे, मध्यमाला आणावी लागते. एका पहाटे बोटे इतकी बधिर झाली होती की जवारीचा, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून घोडीवर तिच्याखाली घालतात तो, दोरा सरकवताना तो हातातच तुटला. विंगेत कुणाच्या तरी शालीचा धागा ओढून काढला, दुहेरी केला आणि तोच तारेखाली घातला. आश्चर्य म्हणजे तंबोरा त्या दिवशी विलक्षण बोलला. गायन कसे झाले ते मला सांगता येणार नाही, कारण दीड तास माझे सगळे लक्ष त्या धाग्यावर होते.

स्पष्टवक्ता:
स्मरणरंजनात थोडा खडा टाकतो. पहाटे तीन वाजता मांडवातील बरेचसे श्रोते घोरत असत, आणि ज्यांच्या घराला लागून पटांगण होते त्यांच्या मुलांनी परीक्षेचा अभ्यास कसा करावा, हा प्रश्न तेव्हाही रास्तच होता. सकाळचे राग अगदी दुर्मीळ झाले आहेत असेही नाही. दिवाळी पहाट आहे, मुंबईत प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिरात प्रातःस्वरच्या मैफली होत आल्या आहेत. फरक मान्य करतो तो एवढाच, की आंघोळ करून, ताजेतवाने होऊन सकाळचा भटियार ऐकणे वेगळे आणि संध्याकाळच्या मारव्यापासून जागत जागत भटियारपर्यंत पोहोचणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात कान थकलेला असतो, मन तिखटपणे न्याय करायचे सोडून देते, आणि मग साधा रिषभही आत जातो. हा गायकाचा पराक्रम किती आणि जागरणाचा किती, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

शनिवारपेठकर:
सर्वांचे आभार. “स्पष्टवक्ता” यांचा मुद्दा पटला, विशेषतः घोरण्याचा. आमचे वडील त्यांपैकीच एक होते. तरीही शेवटच्या दिवशी सांगतेला सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकेतली ‘बिन देखे पडे नहीं चैन’ ही भैरवी लागे, तेव्हा ते न चुकता जागे असत आणि ती संपेपर्यंत चपला शोधायला उठू देत नसत. सापडलेल्या एका तिकिटामागे त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले आहे: “चहा ४, वडे २, रिक्षा मिळाली नाही, चालत आलो.” त्या रात्री कोण गायले, याची नोंद कुठेही नाही.