जुनी पेटंटं, लोडिंगमधला छोटा खेळ आणि परत आलेले कंट्रोलर

रानपाखरू

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून एक गेम कंट्रोलर आणि त्याच्याबरोबर चालणारा लहानसा गेम बनवतोय. कंट्रोलरची पहिली खेप विकून झाली, दुसरी विक्रीला लागली आहे. गेमचं शेवटचं काम चालू आहे. दोन गोष्टींवरून आमचं घोडं अडलंय.

गेम सुरू व्हायला बराच वेळ घेतो. तेवढा वेळ खेळणाऱ्याने फिरतं चक्र बघत बसावं हे मला पटत नाही. म्हणून लोडिंग चालू असताना एक छोटा खेळ द्यायचा विचार आहे, साधा, दोन बटणांचा.

दुसरी गोष्ट परतीची. ग्राहक नवा कंट्रोलर घेतो, चार दिवसांनी "आवडला नाही" म्हणून परत करतो. पावती खरी, खोकं खरं, आतला नग मात्र पहिल्या खेपेतला, बटणं झिजलेली, स्टिक एका बाजूला कललेली. म्हणजे जुना आमच्या गळ्यात मारून नवा ठेवून घेतला. म्हणून विकतानाच सीरियल नंबर नोंदवायचा आणि परत आला की ताडून बघायचा, असं आम्ही ठरवत होतो.

आता आमच्यातला तिसरा म्हणतो, दोन्हींवर पेटंट आहे. लोडिंगचं नामको या जपानी गेम कंपनीकडे आणि परतीचं चक्क निन्टेंडोकडे. मला आधी खोटं वाटलं. शोधलं तर दोन्ही सापडली. वाचायला बसलो, पण ती भाषा काही डोक्यात शिरत नाही. हे दोन्ही बेत सोडून द्यायचे का? या कामाची माहिती असलेल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

जुनेकागद

पेटंट शोधणं हे माझं रोजचं काम, त्यातही खेळणी आणि गेमिंगचं हार्डवेअर जास्त. म्हणून जरा सविस्तर लिहितो. थेट उत्तर आधी देतो: दोन्ही बेत सोडू नका.

नामकोचं अमेरिकन पेटंट, क्रमांक ५७१८६३२. अर्ज नोव्हेंबर १९९५ चा, मंजुरी फेब्रुवारी १९९८ ची. अमेरिकेत ८ जून १९९५ पासून केलेल्या अर्जांना दाखल केल्याच्या तारखेपासून २० वर्षांची मुदत मिळते, म्हणजे हे नोव्हेंबर २०१५ मध्ये संपलं. मुदत संपलेलं पेटंट सगळ्यांसाठी खुलं असतं. कुणाची परवानगी लागत नाही, कुणाला पत्र लिहावं लागत नाही.

त्यात दावा काय, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितला होता, ते मात्र समजून घ्या. आधी छोट्या खेळाचा कोड लोड करायचा, तो सुरू झाला की तो चालू असतानाच मागे मुख्य खेळाचा कोड लोड करत राहायचा. हा क्रम म्हणजेच दावा. प्लेस्टेशनवरचा 'रिज रेसर' सुरू होताना 'गॅलॅक्सियन' खेळायला मिळायचा, तो हाच प्रकार. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाच्या कॅसेटींवर १९८७ सालीच 'इन्व्हेड-अ-लोड' होता, टेप लोड होईपर्यंत खेळायला. तरी हे पेटंट मिळालं आणि पुरती मुदत टिकलं. याचा मला अजूनही राग येतो. ज्या काळात डिस्क सगळ्यात हळू चालत होत्या, नेमक्या त्याच काळात इतर कंपन्यांना ही साधी सोय देताना दहा वेळा विचार करावा लागला. तुमच्या हाती ती आता फुकट आली आहे. जरूर वापरा.

आता निन्टेंडो. तुम्हाला खोटं वाटलं, पण त्यामागचं कारण अगदी तुमच्यासारखंच आहे. निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे अर्ज केले आणि २००० च्या आसपास ते मंजूर झाले. एकाचं तर नावच 'परतीचे व्यवहार कार्यक्षमतेने हाताळण्याची पद्धत आणि उपकरण' अशा अर्थाचं आहे. कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) महाग, दुकानं अनेक, प्रत्येकाचे परतीचे नियम वेगळे. दुकानदार ग्राहकाकडून काहीही परत घेणार आणि ढीग साचला की कंपनीच्या गळ्यात घालणार. त्यात मुदत उलटलेले नग असणार, दुसऱ्याच दुकानातून घेतलेले असणार, आणि नव्या खोक्यात घातलेले जुने बिघडलेले तर असणारच.

त्यांनी काढलेला मार्ग मला आजही सुरेख वाटतो. बिलिंगला बारकोड वाचला की यंत्राला कळतं, या वस्तूचा सीरियल नंबरही घ्यायचा आहे. मग ते कॅशियरला तो वाचायला सांगतं. यासाठी खोकं उघडायला नको म्हणून खोक्याला खिडकी ठेवायची, तिच्यातून आतल्या नगावरचाच नंबर दिसला पाहिजे. खोक्यावर छापलेला वेगळा नंबर नव्हे. हा बारकावा नीट बघा, सगळी मेख इथेच आहे. नंबर आणि तारीख दुकानाच्या नोंदीत जाते, तिथून कंपनीच्या मुख्य नोंदीत. वस्तू परत आली की नंबर वाचायचा आणि विचारायचं: हा नग विकला गेला होता का, कधी, परतीची मुदत उरली आहे का, नसेल तर वॉरंटी आहे का. पावती हरवलेल्या प्रामाणिक माणसाचंही काम होतं आणि न विकलेला, म्हणजे चोरीचा, नग आणणारा काउंटरवरच अडतो.

हे मूळ अर्ज १९९० च्या दशकातले, म्हणजे त्यांची २० वर्षं केव्हाच उलटली. विकताना नंबर घ्या, परतीला ताडून बघा, खुशाल करा. नंतर या कल्पनेत कुणी काही भर घालून नवं पेटंट घेतलं असेल तर ते त्या भरीपुरतंच असतं. शिवाय २०१४ च्या अ‍ॅलिस विरुद्ध सीएलएस बँक या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की एखादी अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवली एवढ्यावरून ती पेटंटला पात्र ठरत नाही. त्यानंतर व्यवहार हाताळण्याच्या पद्धतींवर पेटंट मिळवणं आणि टिकवणं दोन्ही अवघड झालं.

तुमच्या कंट्रोलरमध्ये व्हायब्रेशन आहे का? तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि मला काळजी तिथली आहे.

परतीची_खिडकी

मी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या परतीच्या काउंटरवर बरीच वर्षं काम करते. जुनेकागद यांनी सांगितलेलं सगळं बरोबर, पण काउंटरवर काय होतं ते मी सांगते.

स्टिकरवर विसंबू नका. हेअर ड्रायरची गरम हवा दिली की स्टिकर अख्खा निघतो आणि जुन्या नगावर जाऊन बसतो. मी असे नग हातात घेतलेत: स्टिकर नवाकोरा, पण त्याच्या कडेने आधीच्या स्टिकरच्या गोंदाची बारीक चौकट, तिच्यात धूळ अडकलेली. बोट फिरवलं की चिकट लागतं. पण रांगेत पंधरा माणसं उभी असताना कोण बोट फिरवतं? नंबर कवचावर कोरून घ्या. त्याहून महत्त्वाचं, तोच नंबर आतल्या चिपमध्येही घाला. काही जण कवच तेच ठेवून आतला बोर्ड बदलतात. तुमचा कंट्रोलर केबलने जोडला की त्याने आपला नंबर सांगितला पाहिजे, आणि तो कवचावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. हे पाच सेकंदांत होतं आणि वाद घालावा लागत नाही. ग्राहकाला "तुम्ही फसवताय" असं म्हणण्याची वेळ माणसावर येऊ नये. मला ते फार लागतं, कारण दहातले बहुतेक लोक खरे असतात आणि संशय त्यांनाही झेलावा लागतो.

नंबरात शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय एकत्र ठेवू नका. हाताने टाइप करताना हमखास चुकतात, मग खरा ग्राहकही "नोंद नाही" म्हणून परत जातो.

जुनेकागद

ताई, तुमचा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. त्याला जोडून: नंबराच्या शेवटी एक तपासणी अंक ठेवा. आणि गंमत बघा, हीसुद्धा एकेकाळी पेटंट घेतलेली गोष्ट. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये अर्ज केला, १९६० मध्ये पेटंट क्रमांक २९५००४८ मंजूर झालं. ते हातात धरायचं यांत्रिक साधन होतं. तेच गणित आज क्रेडिट कार्डाच्या नंबरात आहे.

समजा नंबर ४८२१३. उजवीकडून सुरुवात करून एक आड एक अंक दुप्पट करा: ३ चे ६, १ तसाच, २ चे ४, ८ तसाच, ४ चे ८. दुप्पट दोन अंकी आली तर तिच्यातून ९ वजा करा. इथे बेरीज २७, पुढची दहाची पायरी ३०, म्हणून तपासणी अंक ३. पूर्ण नंबर ४८२१३३. कोणी घाईत ८ आणि २ ची अदलाबदल करून ४२८१३३ टाइप केलं, तर पहिल्या पाच अंकांची बेरीज २४ येते, तिथे ६ हवा होता, आहे ३. यंत्र तिथल्या तिथे सांगतं, पुन्हा वाचा. एक अंक चुकला तर ही पद्धत नेहमी पकडते. शेजारच्या अंकांची अदलाबदलही पकडते, फक्त ० आणि ९ ची जोडी उलटली तर निसटते. फसवणूक यातून पकडली जात नाही, ते काम नोंदवहीचं. पण खरा ग्राहक टायपिंगपायी परत जात नाही.

निशाचर

विषय निघालाच आहे तर विचारतो. २०१३ च्या सुरुवातीला सोनीने वापरलेल्या डिस्क बंद पाडायचं पेटंट घेतल्याची बातमी आली होती. डिस्कला टॅग, टॅग खेळाडूशी जोडलेला, दुसऱ्याकडे डिस्क चालणारच नाही. ते आलंच नाही ना कधी?

जुनेकागद

नाही आलं. जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तो अर्ज होता, मंजूर पेटंट नव्हे. अर्ज ठरावीक काळाने आपोआप प्रसिद्ध होतात, त्यावरून कंपनी ते बाजारात आणेल असं समजू नये. त्याच वर्षी जूनमध्ये सोनीने जाहीर केलं की प्लेस्टेशन ४ वर वापरलेल्या डिस्क चालतील, आणि मायक्रोसॉफ्टनेही आपल्या एक्सबॉक्स वन या कन्सोलसाठी जाहीर केलेली तशीच बंधनं त्याच महिन्यात मागे घेतली. मला त्याचं मनापासून समाधान वाटलं. विकत घेतलेली डिस्क मित्राला देता यायलाच हवी.

उलट उदाहरण हवं तर वॉर्नर ब्रदर्सचं 'नेमेसिस' पेटंट बघा, गेममधले शत्रू खेळाडूला लक्षात ठेवतात ते. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंजूर झालं, २०३६ पर्यंत चालेल. ते जिवंत आहे.

रानपाखरू

सगळ्यांचे खूप आभार. चिपमध्ये नंबर घालायचं आजच ठरवून टाकलं. तिसऱ्यालाही हा धागा वाचायला दिला.

हो, व्हायब्रेशन आहे. दोन मोटर, एक जड एक हलकी, गेममध्ये काय घडतंय त्यानुसार जोर बदलतो. त्यात काय अडचण? सगळ्यांच्याच कंट्रोलरमध्ये असतं की.

जुनेकागद

सगळ्यांच्या कंट्रोलरमध्ये असतं, पण त्यांतल्या अनेकांनी त्यासाठी पैसे मोजलेत. इमर्शन नावाच्या कंपनीने आपल्या व्हायब्रेशनच्या पेटंटांवरून २००२ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांवर खटला भरला. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये तडजोड केली. सोनी लढली, २००४ मध्ये ज्यूरीने ८.२ कोटी डॉलरचा निकाल दिला, आणि २००७ मध्ये सोनीनेही तडजोड केली. मधल्या काळात, २००६ मध्ये, प्लेस्टेशन ३ बाजारात आला तो व्हायब्रेशन नसलेला कंट्रोलर घेऊन. इमर्शन अजूनही कोर्टात जाते: २०२२ मध्ये मेटावर, २०२३ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीवर.

त्या पहिल्या खटल्यातली पेटंटं आता जुनी झाली. साधी मोटर फिरवणं ही आज जोखीम राहिलेली नाही असं माझं मत. पण "काय घडतंय त्यानुसार जोर बदलतो" हे तुमचं वाक्य वाचून मी थांबलो. जोर कसा बदलतो, आवाजाच्या फाइलवरून काढता की आधीच ठरवलेले नमुने वाजवता, दोन मोटरचा ताळमेळ कसा लावता, यावर जिवंत पेटंटं असू शकतात.

शोधायचं कसं ते सांगतो. गूगल पेटंट्सवर नुसते शब्द टाकू नका, वर्गीकरणाचे संकेत वापरा. स्पर्शाच्या प्रतिसादासाठी जी०६एफ ३/०१६, व्हिडिओ गेमसाठी ए६३एफ १३. एखादं पेटंट सापडलं की नाव आणि सारांश वाचून घाबरू नका. सरळ दाव्यांवर जा आणि दुसऱ्या कुठल्याही दाव्याचा आधार न घेणारे, म्हणजे स्वतंत्र दावे वाचा. त्यातला प्रत्येक घटक तुमच्या वस्तूत असेल तरच तो दावा लागू होतो. एक जरी नसेल, तर सहसा तुम्ही बाहेर. तिथे दिसणारी 'मुदत संपली' ही नोंद गूगलचा अंदाज असतो, त्यामुळे ती त्या त्या देशाच्या पेटंट कार्यालयाच्या नोंदीत पडताळा. आणि पेटंट देशापुरतं असतं. जिथे बनवता आणि जिथे विकता, ते सगळे देश बघावे लागतात. संशयास्पद वाटेल तेवढं घेऊन मग वकिलाकडे जा. आधी चाळलेलं असेल तर वकिलाचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात.

एक सोपी वाटही आहे. काही मोटर ड्रायव्हर चिपमध्ये, म्हणजे मोटर चालवणाऱ्या चिपमध्ये, परवाना आधीच मिळालेले व्हायब्रेशनचे नमुने येतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डीआरव्ही२६०५ मध्ये इमर्शनच्याच टचसेन्स २२०० या संग्रहाचे नमुने आहेत. ते त्या चिपबरोबर वापरण्यापुरते चालतात, अटी वाचून घ्या. तुमच्या बोर्डवर कुठली चिप आहे आणि जोर बदलण्याचं गणित चिप करते की तुमचा गेम, एवढं इथे लिहा. मग पुढचं बघू.